शिकणाऱ्या बाईला शिकणारी कंपनी हवी

(वाशी येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शहरातल्या मुलींना वर्षानुवर्षं गणित शिकवलं. त्यांच्या काही विद्यार्थिनी आज इथे बसल्या आहेत. फळ्यावर चुकलेलं गणित बाई पुसू देत नसत, असं त्यांच्याकडूनच मी ऐकलं. जिथे पायरी चुकली तिथे खडूने गोल करायचा, शेजारी तेच गणित नव्याने मांडायचं आणि तास संपेपर्यंत दोन्ही फळ्यावर राहू द्यायची. चूक लपवायची नाही आणि चुकीवरून मुलीची लायकी ठरवायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. आज ज्याला ‘ग्रोथ माइंडसेट’ म्हणतात, ते त्यांच्या वर्गात रोज घडत होतं.

तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात करिअर घडवणाऱ्या स्त्रिया आणि ग्रोथ माइंडसेट, हा माझा आजचा विषय आहे. सॉफ्टवेअरमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या ऑफिसांत गेली. दर महिला दिनाला ही कल्पना तिथे ऐकायला मिळते. स्वतःवर विश्वास ठेवा, शिकत राहा, अपयशाला घाबरू नका. सल्ला चांगला आहे, मी स्वतः तो मुलींना देते. पण तो कायम बाईलाच दिला जातो. शिकायची तयारी आपल्या मुलींनी केव्हाच दाखवली आहे. माणूस घडू शकतो हा विश्वास आता त्यांच्या घरांनी, वर्गांनी आणि कंपन्यांनी दाखवायची पाळी आहे. तो नेमणुकीत, अप्रेझलमध्ये, पाळणाघरात आणि रात्री घरी सोडणाऱ्या गाडीत दिसला पाहिजे. एवढंच मला आज सांगायचं आहे, आणि ते पुराव्यानिशी सांगायचं आहे.

एका वाक्याचा फरक

कॅरल ड्वेक या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांचं ‘माइंडसेट’ हे पुस्तक २००६ मध्ये आलं आणि ही संज्ञा जगभर पोहोचली. तिच्यामागे मुलांवर केलेल्या अनेक वर्षांच्या प्रयोगांचा आधार आहे. त्यातला क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक आईवडिलांना माहीत असावा. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. सोडवून झाल्यावर काही मुलांना म्हटलं, ‘तू हुशार आहेस.’ काहींना म्हटलं, ‘तू चांगली मेहनत घेतलीस.’ फरक एवढ्या एका वाक्याचा. पुढची कोडी निवडायला सांगितली तेव्हा हुशार ठरलेल्यांपैकी बहुतेकांनी हमखास जमतील अशी मागितली. हुशारीचा शिक्का पुसला जाण्याची भीती त्यांना वाटू लागली होती. मेहनतीचं कौतुक झालेल्यांपैकी दहांतल्या नऊ जणांनी ज्यातून काही नवं शिकायला मिळेल अशी मागितली. मग सगळ्यांनाच मुद्दाम जड कोडी दिली आणि त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी. तेव्हा पहिल्या गटाची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि दुसऱ्याची सुधारली.

आमच्या धंद्यात तर जड कोडं संपतच नाही. माझ्या पिढीने कोबॉल शिकलं, वायटूकेच्या धामधुमीत तारखा दुरुस्त केल्या, मग जावा आलं, मग सगळं क्लाउडवर गेलं आणि आता एआय आलं आहे. ज्याला आपली हुशारी जपायची असते तो यातल्या एखाद्या वळणावर थांबतो. ज्याला शिकायचं असतं तो पुढे जातो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते एका सहकारी मैत्रिणीच्या कामावरून सांगते. मुलं लहान, सासऱ्यांचं दुखणं, म्हणून तिने नोकरी सोडली होती. काही वर्षांनी ती आमच्या टीममध्ये आली तेव्हा तिला येणारी निम्मी तंत्रं जुनी झाली होती. पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे एक बग आला. महिना बदलताना काही ग्राहकांची बिलं दोनदा निघत होती. ती लॉग वाचत बसली. तिच्याजवळ दोनशे पानी वही होती आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले होते. काय दिसलं, मला काय वाटलं, तपासलं कसं, निघालं काय. एकामागून एक ओळी भरत गेल्या आणि शेवटच्या रकान्यात ‘हे कारण नाही’, ‘हे कारण नाही’ असं येत गेलं. शेवटी तिच्या ध्यानात आलं, की एक सर्व्हर भारतीय प्रमाणवेळ धरत होता आणि दुसरा ग्रिनिचची. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत एकाच्या हिशेबी एक तारीख उजाडलेली असे आणि दुसऱ्याच्या हिशेबी तीस किंवा एकतीस. त्या साडेपाच तासांत आलेलं बिल एकाने नव्या महिन्यात धरलं होतं आणि दुसऱ्याने जुन्या. तिने कारण लिहिलं, कोडमधली ओळ दुरुस्त केली, आणि वहीचं ते पान सगळ्या टीमला वाचायला दिलं, चुकलेल्या तर्कांसकट.

ग्रोथ माइंडसेट म्हणजे ही वही. ती मनातली उभारी नव्हे, ती हाताला लावून घेतलेली सवय आहे. ती कोणालाही लागते आणि ज्याला लागते त्याचं काम सुधारतं. पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. ती वही भरायला तिच्या टीम लीडने तिला वेळ दिला. रोज संध्याकाळी ‘अजून झालं नाही का’ असं विचारलं नाही. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणच्या मुलाखतीत तिच्या रिज्युमेतला गॅप दिसताच मुलाखत आटोपती घेतली गेली होती. बाई तीच, वही तीच. एका ठिकाणी ती उघडायची संधीच मिळाली नाही.

बी आणि जमीन

संशोधनही इथेच येऊन पोहोचलं आहे. २०१९ मध्ये डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तासाभरापेक्षा कमी वेळाचा एक ऑनलाइन पाठ होता. सरावाने मेंदू बळकट होतो, बुद्धी जन्मतः ठरून गेलेली नसते, एवढं त्यात सांगितलं होतं. मागे पडलेल्या मुलांचे गुण त्याने थोडे वाढले. वाढ छोटी होती, पण खरी होती. मात्र ज्या शाळांतली मुलं एकमेकांना अवघड काम घ्यायला उत्तेजन देत, तिथे ती दिसली. जिथे तसं वातावरण नव्हतं, तिथे ती विरून गेली. बी एकच असलं तरी जमीन पाहून पीक येतं.

त्याच वर्षी एलिझाबेथ कॅनिंग आणि मेरी मर्फी यांच्या गटाने एका विद्यापीठातले विज्ञान-अभियांत्रिकीचे दीडशे प्राध्यापक आणि त्यांचे पंधरा हजारांवर विद्यार्थी अभ्यासले. बुद्धी बदलत नाही असं मानणाऱ्या प्राध्यापकांच्या वर्गात, संधीपासून वंचित राहिलेल्या वर्णसमूहांतले विद्यार्थी आणि इतर यांच्या गुणांतलं अंतर दुप्पट होतं. तो अभ्यास स्त्रियांबद्दल नव्हता. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. शिकणाऱ्याच्या मनात काय आहे याइतकंच शिकवणाऱ्याच्या आणि मोजणाऱ्याच्या मनात काय आहे, यावरही निकाल ठरतो.

स्वतः ड्वेक यांनीही पुढे सावध केलं आहे. नुसत्या मेहनतीचं कौतुक करणं आणि मूल शिकलं नाही तर ‘तुझी मनोवृत्तीच चुकीची’ म्हणून खापर त्याच्यावर फोडणं, हा त्यांच्या कल्पनेचा विपर्यास आहे. आपल्या कंपन्यांत हाच विपर्यास बायकांच्या वाट्याला येतो. प्रमोशन मिळालं नाही, तर आत्मविश्वास वाढवण्याच्या वर्कशॉपला पाठवतात. ज्या बैठकीत तिचं नाव मागे पडलं, त्या बैठकीचं वर्कशॉप कोणी घेत नाही.

‘यंदाही मुलींचीच बाजी’

हे मागे पडणं सुरू कुठे होतं? लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई चिंपियन यांनी २०१७ मध्ये लहान मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगून, ही गोष्ट बाईची असेल की पुरुषाची, असं मुलांना विचारलं. पाच वर्षांच्या मुली स्वतःसारख्यांकडे बोट दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुली तसं कमी वेळा करत होत्या. शाळेत मुलींना जास्त गुण मिळतात, हे त्याच मुलींना पक्कं माहीत होतं. पुढे एक खेळ ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हणून समोर ठेवला, तर मुलींना त्यात रस कमी. तसाच खेळ ‘खूप मेहनत करणाऱ्या मुलांसाठी’ म्हणून ठेवला, तर मुलींचा आणि मुलांचा रस सारखा.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे का? दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा आपण वर्षानुवर्षं वाचतो. घरातलं बोलणं मात्र तेच असतं. मुलगा डोक्याने तल्लख आहे, अभ्यास करत नाही एवढंच. मुलगी अभ्यासू आहे हो, मन लावून करते. पुढे ती कॉम्प्युटर इंजिनीअर होते तेव्हा तिला सांगतात, टेस्टिंगला जा, सपोर्टला जा, घर सांभाळून जमतं. टेस्टिंग कमी दर्जाचं काम नाही. चांगली टेस्टर टीमची अब्रू वाचवते. पण तल्लख म्हणजे मुलगा आणि अभ्यासू म्हणजे मुलगी ही वाटणी मनात ठेवूनच तिला तिकडे पाठवलं जातं, हे मला सलतं. आता एआयमुळे नेमकी तीच कामं सर्वांत आधी बदलत आहेत. ज्यांना डिझाइनच्या टेबलावर बसूच दिलं नाही, त्यांच्यावर नवं शिकण्याची सर्वांत मोठी सक्ती येणार आहे.

अजून एक वर्ष बघू

आता एक मराठी गोष्ट. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमला भागवत पुढच्या शिक्षणासाठी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. या लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण, पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. वडील आणि काका दोघंही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांना नोबेल मिळून तीनच वर्षं झाली होती. बाई आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. नाकारण्याचं कारण सांगा, असा त्यांनी आग्रह धरला. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना होणार नाही, कामाबद्दल संचालकांची खात्री पटली तरच पुढे, आणि पुरुष संशोधकांचं चित्त विचलित होता कामा नये.

वर्ष संपलं. रामन यांची खात्री पटली. कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी पुढे केंब्रिजमधून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. नंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या त्या संचालक झाल्या.

ही गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण त्या वर्षात बदललं कोण? कमलाबाई आधीही तितक्याच कुशल होत्या. बदललं ते रामन यांचं मत. पुरावा समोर आल्यावर एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने आपलं म्हणणं मागे घेतलं, याचं मोल मी कमी मानत नाही. मात्र तो पुरावा देण्याचा सगळा भार एकट्या बावीस वर्षांच्या आसपासच्या मुलीने उचलला. बरोबरच्या मुलांपैकी एकालाही असं परीक्षेचं वर्ष काढावं लागलं नाही.

चाळीस वर्षांनंतर, १९७४ मध्ये, बंगळूरच्या त्याच संस्थेतल्या सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने पुण्याच्या टेल्को या टाटांच्या कंपनीची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असं त्यात लिहिलं होतं. तिने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. मुलाखतीला बोलावणं आलं आणि ती टेल्कोची पहिली स्त्री इंजिनीअर झाली. आज आपण तिला सुधा मूर्ती म्हणून ओळखतो. पुन्हा तेच झालं, एका मुलीने धक्का दिला आणि दार उघडलं. पण दर पिढीत एका मुलीने धक्का द्यायचा, ही काही दार उघडण्याची रीत होऊ शकत नाही.

रीत कशी बदलते याचं उदाहरणही आपल्याच देशात आहे. २०१६ च्या सुमारास आयआयटींच्या बी.टेक.मध्ये मुलींचं प्रमाण जेमतेम आठ टक्के होतं. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या. मुलग्यांच्या जागा त्यासाठी कमी केल्या नाहीत. काही वर्षांत ते प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास गेलं. एवढ्याशा काळात देशभरातल्या मुलींची मनोवृत्ती पालटली नव्हती. पालटला तो प्रवेशाचा नियम, आणि लायक मुली तर वाट पाहत उभ्याच होत्या.

ब्रिटनमध्ये हेच एका बाईने कंपनी काढून सिद्ध केलं. स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये सहा पौंडांच्या भांडवलावर सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. मुलं झाल्यावर नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर बायकांना त्यांनी घरून काम दिलं. ‘स्टेफनी’ नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येत नसत, म्हणून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या. त्यांच्या पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष तीनच होते. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग या बायकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलांवर बसून केलं. वर्क फ्रॉम होम २०२० मध्ये जगाला समजलं. त्यांनी ते जवळपास साठ वर्षं आधी चालवून दाखवलं होतं.

आपलं शहर

आता नवी मुंबईकडे येते. खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडली. त्या तिघांत एक बाई होती, हे या सभागृहात आवर्जून सांगावंसं वाटतं. १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावर रासायनिक आणि इंजिनीअरिंग कारखान्यांची रांग होती. ते कारखाने तीन पाळ्यांत चालत आणि १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ६६ बायकांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवू देत नव्हतं. बायकांची क्षमता किती, हा प्रश्नच आला नाही. पाळीच्या वेळापत्रकातच त्यांना जागा नव्हती.

मग दोन गोष्टी घडल्या. १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला लोकल आली आणि २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला. त्याच सुमारास कारखान्यांच्या पट्ट्यात संगणकाचं काम आलं. वाशी स्टेशनवरचं इन्फोटेक पार्क, महापेचं मिलेनियम बिझनेस पार्क, ऐरोलीचं माइंडस्पेस, घणसोलीतली रिलायन्सची वसाहत, खारघरचं सी-डॅक. डोंबिवली, कळवा, मुलुंड, पनवेलच्या मुलींना पहिल्यांदा असं काम मिळालं, जिथे लोकलने जाता येतं आणि मुलांच्या शाळेच्या वेळेपर्यंत परतता येतं. सकाळी साडेआठच्या ठाणे-वाशी गाडीच्या लेडीज डब्यात उभं राहून पाहा. लॅपटॉपची बॅग मांडीवर, कानात हेडफोन, आणि मोबाइलवर कोर्सचा व्हिडिओ. रबाळे येईपर्यंत एक धडा संपतो. घरी वेळ मिळत नाही म्हणून या बायका गाडीत शिकतात.

घरी वेळ का मिळत नाही? केंद्र सरकारच्या वेळ वापर सर्वेक्षणाने त्याचं उत्तर दिलं आहे. २०१९ मध्ये घरकामात भाग घेणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होती आणि पुरुष ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ. नवं तंत्र शिकायला रोज एक तास हवा असेल, तर तो या दोनशे मिनिटांच्या फरकातूनच काढावा लागेल. सकाळचा डबा नवऱ्याने भरला, तर बायकोला कोणत्याही प्रेरक भाषणापेक्षा जास्त ग्रोथ मिळते.

या शहराचं आणखी एक देणं बाकी आहे. ही ऑफिसं ज्या जमिनीवर उभी आहेत, तिथे भातशेती आणि मिठागरं होती. पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये या जमिनींसाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात जासई-न्हावाशेव्याला पाच शेतकरी गोळीबारात गेले. त्या आंदोलनात आगरी-कोळी बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांच्या नाती आज इंजिनीअर व्हायच्या वयाच्या आहेत. ऐरोली, गोठिवली, तळवली, घणसोली या गावांतून आयटी पार्कचे काचेचे मनोरे रोज दिसतात. गावातल्या किती बायका त्या मनोऱ्यांत पँट्रीत आणि हाउसकीपिंगला जातात आणि किती मुली डेव्हलपर म्हणून जातात, हे प्रत्येक कंपनीने स्वतःला विचारावं. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली आहे. फीचा अडसर कमी झाला. आता पहिली इंटर्नशिप, पहिला प्रोजेक्ट आणि इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलीला विचार करायला दोन मिनिटं देणारी मुलाखत, हे कंपन्यांच्या हातात आहे.

बंद दारामागे

अप्रेझलच्या त्या बैठकीत मी अनेकदा बसले आहे. स्क्रीनवर एक्सेल शीट, डावीकडे नावं, उजवीकडे रेटिंग. वरच्या जागा ठरलेल्या, त्यामुळे प्रत्येक नावावर घासाघीस. एका मुलाचं नाव येतं. यावर्षी त्याचं काम बेताचं झालं, पण कोणीतरी म्हणतं, ‘त्याच्यात पोटेन्शियल आहे.’ नाव वर सरकतं. एका मुलीचं नाव येतं. सगळी कामं वेळेवर, क्लायंट खूश. कोणीतरी म्हणतं, ‘सिन्सियर आहे, पण लीड म्हणून अजून एक वर्ष बघू.’ नाव जागेवर राहतं. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण मुलगा काय होऊ शकतो त्यावर मोजला गेला आणि मुलगी काय झाली आहे त्यावर. १९३३ मधलं ते परीक्षेचं वर्ष आजही या शीटवर भरलं जातं.

यावर मी केलेला आणि उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. ‘अजून एक वर्ष’ असं म्हणणाऱ्याने त्या वर्षात नेमकं काय पाहायचं, ते तिथेच लिहून द्यायचं, आणि ते काम तिला द्यायची जबाबदारीही स्वतःवर घ्यायची. बहुतेक वेळा लिहायला घेतल्यावर लक्षात येतं की ते तिने आधीच केलेलं आहे.

कायद्याने बरंच दिलं आहे. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीने, सुरक्षा आणि वाहनाची सोय देऊन काम करू दिलं. ही सोय उपकार नाही. पुण्यात २००७ आणि २००९ मध्ये कामावर जाता-येताना दोन तरुणींचे टॅक्सीचालकांकडून खून झाले, ते आपण विसरलेलो नाही. पाळणाघर कागदावरच्या कराराऐवजी ऑफिसच्या इमारतीत असेल आणि रजेवरून परतणाऱ्या बाईला जाताना होता त्याच दर्जाचा प्रोजेक्ट मिळेल, तर पुढचं ती बघून घेईल. टाटा समूहाने २००८ मध्येच खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी ‘सेकंड करिअर’ उपक्रम सुरू केला. असा रस्ता प्रत्येक कंपनीला जमण्यासारखा आहे.

यशाचं उदाहरणही जवळचंच आहे. पुण्याच्या पीआयसीटी या इंजिनीअरिंग कॉलेजातून शिकलेल्या नेहा नारखेडे लिंक्डइनमध्ये कामाला असताना ‘काफ्का’ या सॉफ्टवेअरच्या सहनिर्मात्या झाल्या. आज जगभरातल्या मोठमोठ्या प्रणालींमधला डेटा त्यावरून वाहतो. पुढे २०१४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘कॉन्फ्लुएंट’ कंपनी काढली. त्यांचा मला अभिमान आहे. पण ‘तिला जमलं, मग तुला का नाही?’ असं विचारायला त्यांचं नाव कोणी वापरू नये. त्यांच्यासारख्या आणखी किती जणी पहिल्या गॅपवर थांबल्या, हा खरा प्रश्न आहे.

शेवटी तीन मागण्या करते. इथे बसलेल्या मुलींनो, चार रकान्यांची वही आजपासून घाला आणि कठीण काम मागून घ्या. ‘मला येईल का’ हे ठरवायचं काम मुलाखत घेणाऱ्यावर सोडू नका. आईवडिलांनो आणि नवरे मंडळींनो, मुलीला अभ्यासू म्हणताना तल्लखही म्हणा आणि रोजचा एक तास तिला मोकळा करून द्या. आणि टीम चालवणाऱ्या सगळ्यांनो, तुमच्या पुढच्या अप्रेझलच्या शीटवर ज्या मुलीच्या नावापुढे ‘अजून एक वर्ष’ लिहिलं असेल, तिला या तिमाहीत लीड करा. तिला मदत द्या, चुकली तर चूक टीमसमोर एकत्र तपासा, आणि तुमचं मत चुकीचं निघालं तर ते बदला. रामन यांना ते जमलं होतं. आपल्यालाही ते जमवलंच पाहिजे.